आमच्या स्टेशनाची संख्या

डोंबिवलीहून रोज लोकल पकडते, पण आमच्या स्टेशनाच्या नावाच्या संख्या आहेत हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. देवळालीचे गणितशिक्षक द. रा. कापरेकर यांनी त्यांना ‘डेम्लो’ म्हटलं. डेम्लो म्हणजे डोंबिवलीचंच जुनं नाव.

त्यातली माझी लाडकी: १२३४५६७८९८७६५४३२१. नऊ वेळा १ लिहा, १११११११११, आणि त्याचा वर्ग करा. ऑफिसात स्प्रेडशीटला विचारलं तर शेवटी ३०० आलं! पंधरा अंकांपुढे तिची मजल नाही, आणि इथे आहेत सतरा. (दिवसभर हिच्याच भरवशावर हिशेब करते, बोला.)

मग बिलाच्या पाठकोऱ्या कागदावर गुणाकार मांडला, शाळेसारखा. प्रत्येक ओळ तीच, फक्त एक घर डावीकडे सरकलेली. बेरीज करताना उजवीकडून पहिल्या रकान्यात एकच १, पुढच्यात दोन, मग तीन... मधल्या रकान्यात बरोबर नऊ, आणि तिथून उतरण. कुठेही हातचा नाही. सगळी गंमत त्यातच आहे.

दहा वेळा १ घेतला की मधल्या रकान्यात दहा होतात, हातचा येतो आणि डौल मोडतो: १२३४५६७९००९८७६५४३२१.

अजून एक. १११११११११ ला ९ ने भागलं की १२३४५६७९ येतात. ८ गायब! तोच भागाकार दोनदा केला, तरी ८ काही सापडला नाही.