लेकराला मोबाईलचं सगळं कळतं म्हणे

पालकसभेत एक वाक्य हमखास ऐकू येतं, "सर, आमच्या लेकराला मोबाईलचं सगळं कळतंय, उलट आम्हालाच शिकवतंय." कौतुकानं सांगतात. मी परभणी जिल्ह्यात झेडपीच्या शाळेवर चौथीला शिकवतो आणि मला हे अर्धंच पटतं. युट्यूब लावणं, शॉर्ट्स वर ढकलत राहणं, माईक दाबून "कार्टून लाव" म्हणणं हे दुसरीतलं पोरगंबी झोपेत करतंय, पण त्यालाच म्हणा की बाबा तुझ्या गावाचं नाव मराठीत टाईप कर, की गाडी थांबलीच.

आमच्याकडं चालू कॉम्प्युटर दोनच, तेबी लाईट असली तर. त्यावर इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषा टाईप करायचा कीबोर्ड लावून एका पोरीला 'विहीर' लिहायला सांगितलं. वहीत वेलांटीचा काना आधी ओढायची सवय, तिनं इथंबी आधी वेलांटीच दाबली आणि स्क्रीनवर नुसता ठिपक्याठिपक्यांचा गोल उमटला. "सर, बिघडलं वो हे!" बिघडलं काही नव्हतं, कॉम्प्युटरला आधी अक्षर पाहिजे, मग त्याची वेलांटी. 'रस्ता'तला 'स्त' लिहायचा तर आधी स, मग त्याचा पाय मोडायचा, मग त. वहीत जोडाक्षर आलं की ज्यांचं तोंड वाकडं होतं तीच लेकरं आता पाय मोडायला रांगा लावायलीत, मला तर शुद्धलेखनाचा तासच फुकटात मिळाला.

'असर 2024' या खेड्यातल्या लेकरांच्या शिक्षणाच्या पाहणीचे आकडे बघा. ग्रामीण भारतातल्या 14 ते 16 वर्षांच्या पोरांपैकी 82 टक्क्यांना स्मार्टफोन वापरता येतो, त्यातले आदल्या आठवड्यात सोशल मीडियासाठी वापरला म्हणणारे 76 टक्के, अभ्यासासाठी वापरला म्हणणारे 57. आता ही मोठी पोरं आहेत, पण सवय काय चौदाव्या वर्षी एकदम लागते का? सरकारचं अभ्यासाचं दीक्षा ॲप 2017 ला आलं, त्यातून स्कॅन करायला बालभारतीच्या पुस्तकात क्यूआर कोड छापलेत, पण घरी ते कोणी स्कॅन करतंय का विचारलं की वर्ग चिडीचूप.

टाईपिंगपेक्षाबी मला महत्त्वाचं वाटतं ते खरंखोटं ओळखणं. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पावसानं कहर केला, शाळांना सुट्ट्या लागल्या, आणि त्यातच गावच्या ग्रुपवर सुट्टीचं एक जुनंच पत्र फिरायला लागलं. मोठ्या माणसांनी धडाधड फॉरवर्ड केलं. मी ते वर्गात दाखवलं आणि काहीच बोललो नाही. सही बघितली, शिक्का बघितला, मग मागच्या बाकावरून आवाज, "सर, तारीख मागच्या वर्षीची हाय की!" तेव्हापासून कुठलाबी मेसेज आला की आमच्या वर्गाचे प्रश्न ठरलेले, कोणी पाठवला, कधीचा आहे, दुसरीकडं कुठं दिसतोय का.

पिनचं मात्र अवघड आहे. बापाच्या फोनपेचा पिन कोणाकोणाला माहीत आहे विचारलं तर निम्म्यापेक्षा जास्त हात वर, दोघांनी तर आकडेच सांगायला सुरुवात केली, मी ओरडून थांबवलं. पुढच्या सभेत पालकांना सांगितलं, पिन बदला, ओटीपी लेकरांना वाचायला लावू नका, आणि पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन करा. एकानं विचारलं, "बदलायचा कसा सर?" मी तोंड उघडायच्या आत त्याचं पोरगं फोन हातात घेऊन बसलं होतं.