कर्ज फिटले, बोजा राहिला: जुनी टीटी गोव्यात आणताना

जुनी गाडी घ्यायला निघालेल्या माणसाला सगळे जण इंजिनाचा आवाज ऐक, टायर बघ, अपघात झाला आहे का ते तपास, असे सांगतात. मी मात्र सर्वांत आधी आरसीवरची एकच ओळ वाचायला सांगेन, ती म्हणजे वित्तपुरवठादाराच्या नावाची. मी घेतलेली २०१२ सालची ऑडी टीटी पुण्यात एकाच मालकाकडे होती आणि तिचे कर्ज २०१६ मध्येच पूर्ण फिटले होते. तरीही कर्ज देणाऱ्या कंपनीचे नाव आरसीवर तसेच राहिले होते (या नोंदीलाच बोजा म्हणतात) आणि त्या एका ओळीपायी गाडी अख्खा पावसाळा पुण्यातील सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी राहिली. इकडे फोंड्यात बसून मी फोन आणि ईमेल करत होतो. त्या काळातला वैताग अजून पुरता गेलेला नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

हीच गाडी का, हे थोडक्यात सांगतो. दोन दारांची, बसक्या छताची, चालवण्याचा आनंद देणारी आणि तरीही आवाक्यातली नवी गाडी आपल्याकडे मिळत नाही. २०२४ मध्ये आलेल्या टाटा कर्व्ह आणि सिट्रोएन बसाल्ट यांचे छत मागे उतरते, परंतु त्या शेवटी एसयूव्हीच आहेत. त्यामुळे जुन्या बाजाराकडे वळणे भाग होते आणि तिथे टीटी, मर्सिडीज एसएलके आणि बीएमडब्ल्यू झेड४ ही नावे पुन्हा पुन्हा समोर येत राहिली. टीटीच्या पुढच्या पिढीची किंमत २०१५ मध्ये भारतात ६० लाखांच्या वर होती, मात्र दुसऱ्या पिढीची जुनी गाडी आज एखाद्या नव्या मध्यम एसयूव्हीच्या वरच्या मॉडेलच्या किमतीत मिळू शकते. तिचे १९८४ सीसीचे टर्बो पेट्रोल इंजिन आणि सहा गिअरचा डीएसजी प्रकारचा (दोन क्लचचा, स्वयंचलित) गिअरबॉक्स ही फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या घरातलीच मंडळी असल्यामुळे त्यांवर हात बसलेले मेकॅनिक पुणे, बेळगाव आणि गोवा अशा तिन्ही ठिकाणी सापडतात. गोव्याच्या खाऱ्या हवेचा विचार करता आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटली: या गाडीच्या सांगाड्याचा पुढचा भाग बहुतांशी अॅल्युमिनियमचा आहे आणि मागचा पोलादी, म्हणून गंज शोधायचा तो मुख्यतः मागच्या बाजूला आणि खालून. आम्ही गाडी लिफ्टवर चढवून खालचा प्रत्येक जोड बॅटरीच्या उजेडात पाहिला. सकाळी थंड इंजिन सुरू करताना पहिल्या काही क्षणांत टायमिंग चेनचा (इंजिनातील झडपांची वेळ जुळवणाऱ्या साखळीचा) खडखडाट येतो का तेही ऐकले. गाडी निर्मळ निघाली.

कर्जाची ओळ मला पहिल्याच भेटीत दिसली आणि मी लगेच विचारले. मालक सेवानिवृत्त अभियंता होते. वयाने मोठे असल्याने मी त्यांना काका म्हणत असे. ते म्हणाले, "अहो, कर्ज केव्हाच फिटलंय. कंपनीचं पत्र माझ्या कपाटात आहे." पत्र खरोखरच कपाटात होते. प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले नाहरकत प्रमाणपत्र आणि सोबत शिक्कामोर्तब झालेला फॉर्म ३५ (कर्जकरार संपल्याची सूचना देण्याचा अर्ज), दोन्ही २०१६ सालचे. परंतु ते कधीही परिवहन कचेरीत गेलेले नव्हते. अशा पत्रांची मुदत सहसा तीन महिन्यांची असते. खिडकीवरील कर्मचाऱ्याने तारीख पाहिली आणि नवे पत्र आणायला सांगितले. त्यात त्याची काहीच चूक नव्हती. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५१ नुसार कर्जकरार संपल्याचा पुरावा आणि अर्ज दिल्यावरच ही नोंद रद्द होते. शेवटचा हप्ता भरला की ती आपोआप पुसली जाते, हा समज मला पुढे कितीतरी सुशिक्षित माणसांच्या बोलण्यात आढळला.

मी काकांना तिथेच सांगितले की विसार म्हणून थोडी रक्कम आज देतो, उरलेले पैसे बोजा उतरून दुसऱ्या राज्यात नेण्याची नाहरकत हातात आल्यावर देईन आणि तोवर गाडी तुमच्याच ताब्यात राहील. त्यांनी ते मान्य केले. हे सगळे साध्या कागदावर न ठेवता स्टॅम्प पेपरवर, विसाराची रक्कम आणि ती परत करण्याची अट यांसह लिहून घेतले. त्या कागदामुळेच पुढच्या महिन्यांत आमच्या दोघांत एकदाही कटुता आली नाही, याचे मला आजही समाधान आहे.

खरी अडचण पुढे सुरू झाली. कर्ज देणारी मूळ कंपनी मधल्या काळात दुसऱ्या, मोठ्या संस्थेत विलीन झाली होती. नव्या संस्थेच्या मदतक्रमांकावर फोन केला की पहिला प्रश्न कर्जखात्याच्या क्रमांकाचा असे. जुना क्रमांक सांगितला की तो यंत्रणेत दिसत नाही असे उत्तर मिळे आणि नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी पाठवतो म्हटले जाई. तो मोबाइल क्रमांक काकांनी केव्हाच सोडून दिला होता. क्रमांक बदलायचा तर शाखेत जा, आणि शाखेत गेले की "हे खाते बंद झालेले आहे, बंद खात्यात बदल करता येत नाही" असे ऐकायचे. ज्या खात्यात एक रुपयाही बाकी नाही तेच खाते पुन्हा उघडल्याशिवाय ते बंद झाल्याचे पत्र मिळणार नाही, अशी ही अवस्था होती. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला प्रत्येक वेळी नव्या टेबलावर पहिल्यापासून सगळे सांगायला लावणाऱ्या त्या संस्थेचा मला आजही राग येतो.

अखेर पत्र आले तेव्हा त्यावर फक्त नव्या संस्थेचे नाव आणि शिक्का होता. आरसीवर नाव जुन्या कंपनीचे. दोन्ही एकच आहेत हे सांगणारा कोणताही कागद सोबत नसल्याने परिवहन कचेरीने विलीनीकरणाच्या आदेशाची प्रत मागितली आणि ती मिळवण्यासाठी पुन्हा तेच फोन, तीच टेबले. ज्यांच्या वित्तपुरवठादाराचे असे विलीनीकरण किंवा नामांतर झाले असेल त्यांनी पहिल्याच अर्जात आदेशाची साक्षांकित प्रत मागून घ्यावी आणि नव्या फॉर्म ३५ वर 'पूर्वीची अमुक कंपनी' असा उल्लेख करून मागावा. हे दोन्ही मिळाले नाही, तर पत्र असूनही नसल्यासारखेच असते.

आदेशाची प्रत लावून दुसरे पत्र आले आणि त्यात चेसिस क्रमांकच (गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला तिचा स्वतःचा क्रमांक) चुकलेला निघाला. टीटी हंगेरीतील ग्योर येथील कारखान्यात तयार होत असे, म्हणून तिचा सतरा अक्षरांचा क्रमांक टीआरयू या तीन अक्षरांनी सुरू होतो आणि त्यापुढे तीनदा झेड येतो. पत्र टंकणाऱ्याने त्या तीन झेडांच्या जागी तीन वेळा दोनचा आकडा लिहिला होता. 'वाहन' या सरकारी नोंदणी पोर्टलवरील नोंद आणि पत्र जुळत नाही, म्हणून अर्ज परत आला. मी चूक दाखवून ईमेल केला तेव्हा संस्थेचे उत्तर आले की आमच्या नोंदीत असाच क्रमांक आहे. त्यावर काकांना मी पेन्सिल छाप काढायला सांगितली. त्यांनी क्रमांक कोरलेली जागा केरोसीनच्या फडक्याने पुसली, पातळ कागद त्यावर घट्ट धरला आणि शिसपेन्सिल आडवी करून हलक्या हाताने फिरवली. करड्या पट्ट्यात पांढरी अक्षरे एकामागून एक उमटत गेली. झेडचा तिरका कोन तर इतका ठळक होता की तो दोन आहे असे म्हणायची कुणाची छाती झाली नसती. त्या कागदाचा फोटो, आरसी, मूळ खरेदीचे बिल आणि २०१६ चे जुने पत्र, ज्यात त्याच कंपनीने हाच क्रमांक अचूक लिहिला होता, असे चारही कागद एकाच पीडीएफमध्ये बांधून मी काकांच्या नावाने संस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे पाठवायला लावले.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. तक्रार कर्जदाराच्या नावानेच जायला हवी. खरेदीदाराच्या तक्रारीला अशा संस्था उत्तरही देत नाहीत. लेखी तक्रारीला तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेखाली तक्रार करता येते. ती ऑनलाइन दाखल होते आणि तिला शुल्क नाही. आम्ही तीस दिवस काटेकोर मोजले आणि एकतिसाव्या दिवशी तक्रार दाखल केली. त्यानंतर मात्र संस्थेतून स्वतःहून फोन आला आणि अचूक क्रमांकाचे, विलीनीकरणाचा उल्लेख असलेले, ताज्या तारखेचे पत्र काकांच्या घरी कुरिअरने पोहोचले. जे काम इतके महिने अशक्य म्हणून सांगितले जात होते, ते करण्याची ताकद त्या टेबलांवर पहिल्यापासूनच होती, हे त्या दिवशी सिद्ध झाले.

अलीकडे कर्ज फेडलेल्यांची स्थिती थोडी बरी आहे. रिझर्व्ह बँकेने १३ सप्टेंबर २०२३ रोजी काढलेल्या परिपत्रकानुसार १ डिसेंबर २०२३ पासून पुढे कर्ज पूर्ण फिटल्यावर तीस दिवसांत मूळ कागदपत्रे परत करणे आणि नोंदवलेला बोजा काढणे बंधनकारक आहे, आणि संस्थेमुळे उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. आमचे कर्ज २०१६ चे, म्हणून आम्हाला त्याचा आधार मिळाला नाही.

बोजा उतरल्याची नोंद पोर्टलवर दिसली त्या रात्री मी वित्तपुरवठादाराची रिकामी जागा पुन्हा पुन्हा उघडून पाहिली. पुढचे सगळे सरळ झाले. फॉर्म २८ वर नाहरकत, गाडीवरची प्रलंबित ई-चलने भरून टाकणे (एक जरी राहिले तरी नाहरकत अडते, म्हणून ती आधीच तपासावीत), चोरीची नोंद नसल्याचा दाखला, मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या. पाऊस ओसरल्यावर कोल्हापूर, आंबोली, सावंतवाडी या वाटेने गाडी मी स्वतः चालवत आणली. आंबोलीच्या वळणांवर ती ज्या विश्वासाने वळते ते अनुभवल्यावर इतके महिने थांबल्याचे मला जराही वाईट वाटले नाही. गोव्यात नव्या क्रमांकासाठीचा फॉर्म २७ भरून, तपासणी करून, येथील रस्ता कर भरून जीए ०५ क्रमांक मिळाला.

राहिलेल्या काही गोष्टी आठवतील तशा लिहितो. राज्याबाहेरच्या विक्रीत विकणाऱ्याने ४५ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत मालकी बदलाची सूचना द्यायची असते. गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक ठेवायची असेल तर तेथील नवा क्रमांक घ्यावाच लागतो, त्यामुळे परराज्याच्या पाटीवर वर्षानुवर्षे फिरणाऱ्यांचे अनुकरण करू नये. विम्यातील नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) मालकाचा असतो, गाडीचा नव्हे. विमा नावावर करून घेताना तो फरक भरावा लागतो, म्हणून तो आधीच हिशेबात धरावा आणि विमा कंपनीला चौदा दिवसांच्या आत कळवावे.

गाडी बुटकी असल्याने गावातील उंच गतिरोधकांवर ती तिरकी घालूनच चढवावी. पुढच्या बंपरच्या खालच्या कडेला मी रबराची पट्टी लावून घेतली आहे आणि ती उपयोगी पडते.

जुन्या टीटीकडे वळणाऱ्यांनी नोंदणीच्या पंधरा वर्षांचा हिशेब मात्र अवश्य करावा. ही गाडी पूर्ण बांधणीची आयात केलेली आहे. पंधरा वर्षांनंतर नोंदणी नूतनीकरणाला साध्या मोटारीसाठी ५,००० रुपये शुल्क असले तरी आयात केलेल्या चारचाकीला ते ४०,००० रुपये आहे. माझ्या गाडीची मुदत २०२७ मध्ये संपते. किंमत ठरवताना मी ती रक्कम काकांसमोर मांडली आणि त्यांनी तेवढी सूट दिली. महाराष्ट्रात भरलेल्या करापैकी न वापरलेल्या काळाचा भाग परत मिळावा म्हणून नव्या आरसीची प्रत जोडून मूळ कचेरीकडे अर्ज पाठवला आहे. त्याची पोच मिळाली आहे, पैसे अद्याप यायचे आहेत.