बुवांचा टँक: मे महिन्यात दिवा बंद कसा राहील?

पाळीव सरड्याच्या टँकमधला बास्किंग स्पॉट, म्हणजे दिव्याखालची शेकायची जागा, ४० अंशांवर न्यायला मुंबईत फारसे कष्ट पडत नाहीत. घाम निघतो तो थंड बाजू सांभाळताना. या उन्हाळ्यात माझं सगळं काम त्या एका कोपऱ्यावर चाललंय.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: बुवा म्हणजे आमचा बीअर्डेड ड्रॅगन, दाढीवाला सरडा. चार बाय दोन बाय दोन फुटांचा प्लायचा टँक, मुक्काम मुलुंड, खोलीला पश्चिमेची खिडकी. मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला प्राणी. अंग शेकायला ४० च्या आसपास तापलेला दगड हवा, आणि शेकून झालं की जायला २५ ते २९ अंशांची जागा. रात्री पारा विशीपर्यंत उतरला तरी त्याचं काही बिघडत नाही, म्हणून आपल्याकडे रात्रीच्या हीटरची गरज जवळपास नसतेच.

परदेशी मार्गदर्शन वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. तिथली खोली २० अंशांची असते. दिवा दिवसभर चालू, थर्मोस्टॅटचा प्रोब (तापमान मोजणारं टोक) दिव्याखाली, गरम बाजू सांभाळली की झालं. आमची खोली मेमध्ये दुपारी काहीही न लावता ३३ असते, आणि दिव्याची उष्णता त्यावर चढते. प्रोब दिव्याखाली ठेवला तर गरम बाजू बरोबर ४० वर राहील, आणि तिकडे थंड बाजू कधी ३६ झाली ते यंत्राला कळणारसुद्धा नाही. म्हणून मी प्रोब थंड बाजूला नेला. गरम बाजू ठरते दिव्याच्या अंतरावर आणि दिव्याची ताकद कमी-जास्त करणाऱ्या, हाताने फिरवायच्या डिमरवर. थर्मोस्टॅटचं काम एकच, थंड कोपरा तापला की दिव्याची वीज तोडायची.

थर्मोस्टॅटचं यंत्र साधं एसटीसी-१०००. सेटिंग ३१, फरक १ अंश. म्हणजे कोपरा ३० च्या खाली आला की दिवा लागतो, ३१ ला बंद होतो. ३२ च्या वर गेला की दुसरा रिले (यंत्रातला आपोआप चालणारा स्विच) टँकच्या जाळीवरचा कॉम्प्युटरचा छोटा पंखा सुरू करतो. पंखा लगेच फिरला नाही तर घाबरू नका. हे यंत्र मुळात फ्रिजसारख्या कामासाठीही बनलेलं आहे, त्यामुळे एफ३ या सेटिंगमध्ये कॉम्प्रेसरसाठी काही मिनिटांचा थांबा असतो. तो एक मिनिटापर्यंत खाली आणता येतो. पंख्याकडून चमत्काराची अपेक्षा मात्र नको. तो टँकमधली हवा खोलीच्या तापमानाला आणतो, त्याखाली नाही. त्यापुढे जाड पडदा, आणि अगदीच झालं तर एसी.

एसीवरून आठवलं. प्रोबची वायर तुटली तर हे यंत्र ईई दाखवून ओरडतं आणि सगळं बंद करतं. पण प्रोब निसटून टँकबाहेर लोंबायला लागला आणि त्याला एसीचा वारा लागला, तर ते बिचारं २५ वाचणार आणि दिवा चालूच ठेवणार. म्हणून प्रोब चिकटपट्टीने लावू नये. दमट हवेत पट्टी सुटते, शिवाय प्राण्याच्या कातडीला चिकटते ती वेगळीच. मी क्लिप स्क्रूने प्लायला आवळली आहे.

आता या नोंदीतलं मुख्य काम. रिलेचे कॉन्टॅक्ट वितळून चिकटले तर दिवा बंदच होत नाही, स्क्रीनवर काहीही दिसो. तसं झालं तर टँकमध्ये काय होईल, हे बघून घ्यायचं होतं. बुवांना क्रेटमध्ये घालून दुसऱ्या खोलीत हलवलं, थर्मोस्टॅट वगळला आणि रिकाम्या टँकमध्ये दुपारभर दिवा पूर्ण ताकदीने पेटवला. ७५ वॅटच्या हॅलोजनवर थंड कोपरा ४१ ला गेला. ५० वॅटवर ३७. सदतीसला बुवा दाढी काळी करून, तोंड वासून, वैतागून बसेल. एक्केचाळीसला मी ऑफिसातून परत येईपर्यंत काय झालं असेल याची हमी मी देणार नाही. पंचाहत्तरचा दिवा त्याच दिवशी खोक्यात गेला.

माझं मत: थर्मोस्टॅट अडकलाय असं धरूनच वॅट निवडा. जानेवारीत ऊब कमी पडली तर वॅट वाढवू नका, दगड वर आणा. मी शहाबादी फरशीचे तुकडे वापरतो. थंडीत दोन, मेमध्ये एक. तुकडा थेट टँकच्या तळावर टेकवायचा, वाळूवर नाही. खाली उकरून प्राणी दबतो.

दिव्याच्या वायरमध्ये आणखी एक कडी घातली आहे: केएसडी३०१, ४० अंशांना वीज तोडणारा छोटा बायमेटल स्विच. लॅमिंग्टन रोडला दोन वडापावांच्या किमतीत मिळतो. हाताने रीसेट करायचा प्रकार घ्या, म्हणजे त्याने वीज तोडली होती हे कळतं. त्याच्या पिनांवर २३० व्होल्ट असतात. श्रिंक स्लीव्ह (तापवली की आवळणारी नळी) आणि बंद डबी हवीच. वायरिंगचा सराव नसेल तर इलेक्ट्रिशियन बोलवा, घरात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) आहे ना तेही त्याच्याकडून बघून घ्या. होल्डर चिनी मातीचा, आणि दिव्याभोवती जाळी. दुकानदार हॅलोजनऐवजी पार३८ आकाराचा एलईडी दिवा गळ्यात मारतात, तो शेकायला निरुपयोगी.

सध्या दिवा सकाळी साडेसहा ते अकरा. तेव्हा खोली २९-३० असते आणि बुवांचं शेकणं, खाणं त्यातच उरकतं. पुढे फक्त यूव्हीबी (अतिनील किरणांची) ट्यूब. आई दुपारी खोलीत असते, तिला एकच सांगून ठेवलंय: दगडावर बसून तोंड उघडलं तर ठीक, थंड कोपऱ्यात बसून उघडलं तर मेन स्विच बंद कर. तिचा आक्षेप बिलावर होता. ५० वॅट साडेचार तास म्हणजे दिवसाला पाव युनिटही नाही, हे पटवून झालंय. "मग गॅलरीतला दिवा लावला की का ओरडतोस?" याला उत्तर नाही.

जूनच्या आधी टायमर बदलायचा आहे. यांत्रिक टायमर वीज जाईल तितका वेळ मागे पडतो, आणि सकाळचा दिवा सरकत सरकत दुपारवर येतो. आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर लोहार चाळीत बघून ठेवलाय.