पंखा बंद करून घेतलेला शॉट

मागच्या मार्चमध्ये आमच्या घराची मधली खोली कापसाने भरलेली होती. भाव वाढेल या आशेवर तो डिसेंबरपासून तसाच पडून होता आणि ढिगाच्या कडेला जेमतेम एक खाट मावेल एवढी जागा उरली होती. वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावात अशी खोली काही नवलाची नाही. सुट्टीत गेलो तेव्हा या खोलीचे आणि तिच्याभोवती चाललेल्या आईबाबांच्या दिवसाचे मोबाइलवर चित्रण करावे, असे मी ठरवले. पटकथा नव्हती, “रोज जे करता तेच करा” एवढीच माझी सूचना होती.

पहिल्याच दिवशी अडचण आली ती पंख्याची. त्याच्या घरघरीत बोलणे ऐकू येईना, म्हणून मी तो बंद करायला सांगितला. बाबा म्हणाले, “मार्च महिन्यात पंखा बंद करून कोन बसते बाप्पा?” त्यांचा मुद्दा बिनतोड होता. तरीही पंखा बंद झाला, आणि माझ्या माहितीपटातला पहिला काल्पनिक प्रसंग तिथेच घडला.

या बाबतीत मी एकटा नाही, हे समाधान मला रॉबर्ट फ्लाहर्टी यांनी दिले. उत्तर कॅनडातल्या एका इनुइट कुटुंबाचे जगणे दाखवणारा त्यांचा ‘नॅनूक ऑफ द नॉर्थ’ 1922 साली आला आणि माहितीपटाचा इतिहास सांगताना आजही बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात. पण बर्फाच्या घराच्या आत त्या काळच्या कॅमेऱ्याला पुरेसा उजेड मिळत नव्हता, म्हणून एक बाजू उघडी ठेवलेले घर बांधावे लागले आणि त्या उघड्या घरात ते कुटुंब झोपेतून उठताना दाखवले गेले. नॅनूकचे खरे नाव वेगळे होते, पडद्यावरची बायको त्याची बायको नव्हती आणि तोवर बंदूक वापरू लागलेल्या माणसांना शिकारीसाठी जुने भाले हाती घ्यायला लावले गेले. यातले उघडे घर मी सहज माफ करतो. ते माझ्या पंख्यासारखेच आहे. भाल्यांचे मात्र मला पटत नाही, कारण तिथे अडचण उजेडाची नव्हती. ती माणसे कशी दिसावीत हे दिग्दर्शकाने आधीच ठरवले होते.

कुटुंबाचे साधे जगणे टिपणाऱ्या आणि माहितीपट व कथापट यांच्या मधल्या बांधावरून चालणाऱ्या स्वतंत्र चित्रपटांकडे मी तेव्हापासून याच नजरेने पाहतो. जयंत दिगंबर सोमलकर यांचा ‘स्थळ’ रूढ अर्थाने कथापटच आहे. 2023 मध्ये टोरोंटोच्या चित्रपट महोत्सवात त्याला आशियाई चित्रपटांसाठीचा नेटपॅक पुरस्कार मिळाला, आणि 2025 मध्ये तो आपल्याकडच्या चित्रपटगृहांत लागला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात, व्यावसायिक नटांऐवजी गावातल्याच माणसांना घेऊन तो चित्रित झाला आहे. त्यात मुलगी पाहण्याचा कार्यक्रम पुन्हा पुन्हा येतो: तीच बैठक, तेच पोहे, नाव काय, शिक्षण किती, उंची किती. पाहताना माझ्या मनात आले, की इथे अभिनय शिकवण्याची गरजच काय होती? हा कार्यक्रम मुळातच नाटक आहे आणि त्यातले संवाद गावातल्या प्रत्येकाला पाठ आहेत. माझ्या ताईला सहा घरचे पाहुणे पाहून गेले. चौथ्या खेपेपर्यंत पदर कधी सावरायचा आणि नजर कधी खाली घालायची हे तिला कोणत्याही नटीइतके ठाऊक झाले होते. त्यामुळे त्या प्रसंगाची कथा रचली, तरी पडद्यावर उतरते ती त्याची नोंदच.

याच्या उलट वाट ‘फोर डॉटर्स’ या 2023 च्या चित्रपटात दिसते. ट्युनिशियातल्या ओल्फा या आईच्या दोन थोरल्या मुली घर सोडून दहशतवादी संघटनेत गेल्या. दिग्दर्शिका कौथर बेन हानिया यांनी त्या दोघींच्या जागी नटी आणल्या. धाकट्या मुली स्वतःच स्वतःच्या भूमिकेत राहिल्या, आणि ज्या प्रसंगांत उभे राहणे आईला झेपणार नाही त्यांच्यासाठी तिच्याही जागी एक नटी ठेवली. मग खरी आई त्या नटीला सांगू लागते, की मी असे नव्हते बोलले, असे बोलले होते. आठवण सांगताना माणूस जे गाळतो, ते दुसऱ्याकडून करून घेताना त्याच्या तोंडून निघून जाते.

हे मला नीट समजले ते आमच्या मधल्या खोलीत. एका संध्याकाळी कापूस विकण्यावरून आईबाबांचे थोडे वाजले. आई म्हणाली, “अवो, विकून टाका ना एकदाचा.” बाबा म्हणाले, “थांब ना आठ दिवस.” विषय संपला. मोबाइल तेव्हा चार्जिंगला लावलेला होता. दुसऱ्या दिवशी मी दोघांना तेच पुन्हा बोलायला सांगितले. बाबांनी सदरा बदलला, आईने भाकरीच्या पिठाचे हात धुतले. मी तिला ते पुन्हा पिठात घालायला लावले.

पहिला टेक ठीक झाला. दुसऱ्या टेकला आईने “विकून टाका” म्हटले, बाबांनी आपले आठ दिवस मागितले, आणि इथे थांबायचे असताना ती थांबली नाही. “तीन महिने झाले, रातभर खाजवू खाजवू जीव चालला माया. घरात कापूस ठेवाचा का नाही, हे मले कोनी इचारलं का?”

हे वाक्य आदल्या दिवशी नव्हते. माझ्या माहितीत ते कधीच नव्हते. ती खोटे खोटे भांडत होती म्हणूनच तिला ते बोलता आले, असे मला वाटते. नाटकाचा आडोसा नसता तर पीठ मळता मळता ते तिने गिळले असते. बाबांना यावर संवाद दिलेलाच नव्हता. त्यांनी तिच्याकडे न पाहता थेट कॅमेऱ्यात, म्हणजे माझ्याकडे पाहिले. नियमाने तो शॉट वाया गेला होता, पण मी मोबाइल खाली केला नाही.

“हे भी घेतलं का तू?” त्यांनी विचारले.

मी मान हलवली. आई म्हणाली, “आता लावा तो पंखा.” बाबा उठले आणि त्यांनी बटण दाबले. त्यानंतर ते दोघे बराच वेळ बोलत आहेत असे चित्रात दिसते, पण घरघरीमुळे त्यातला एक शब्दही ऐकू येत नाही.