तुम्ही विचारलंत म्हणून: मनापासून करता की येशूने सांगितलं म्हणून?

हा प्रश्न मला ऑफिसात, भिशीत, अगदी ट्रेनमध्येसुद्धा विचारून झालाय. म्हणजे तुम्ही ख्रिश्चन लोक आजारी माणसाकडे जाता, डबे पोचवता, ते मनापासून की धर्मात लिहिलंय म्हणून? (काहींना खरं तर ‘धर्म बदलायला लावता का’ एवढंच विचारायचं असतं, त्यांना मी सांगते, डब्यात फक्त खिचडी असते.)

खरं सांगू? बऱ्याचदा मनापासून नसतं.

आमच्या खालच्या मजल्यावर एक काकू राहतात. दर नाताळात आमच्या कॅरोलच्या आवाजाची सेक्रेटरीकडे तक्रार ठरलेली. गेल्या वर्षी त्या बाथरूममध्ये पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं, मुलगा परदेशात. सासूबाई म्हणाल्या, उद्यापासून एक डबा जास्त कर. मी म्हटलं, त्यांना? तर म्हणाल्या, बायबलातला लूकचा दहावा अध्याय वाच जा. चिडूनच वाचला.

येशूने सांगितलेली गोष्ट माहीतच होती, लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेला माणूस, याजक (म्हणजे पुजारी) आणि लेवी (म्हणजे मंदिरातला सेवक) बघून पलीकडून निघून जातात, आणि यहुद्यांचं ज्यांच्याशी अजिबात पटत नव्हतं त्यांच्यातला एक शोमरोनी थांबतो. त्याला कळवळा आला, असं आपल्या बायबलात आहे. मूळ ग्रीक शब्दाचा संबंध आतड्यांशी आहे म्हणे, आपण आतडं तुटणं म्हणतो ना, अगदी तेच. पण कळवळ्याचं एका वाक्यात उरकलंय, पुढे सगळी कामंच आहेत. जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं, आणि दुसऱ्या दिवशी मालकाला दोन दिनार दिले, म्हणजे मजुराची दोन दिवसांची कमाई, वर जास्त लागले तर येताना देतो म्हणाला आणि गेला. त्यालाही आपली कामं होती, हे मला फार बरं वाटलं.

सासूबाईंची आजी 1897 च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी पुण्याजवळच्या केडगावला, आपल्या आश्रमात आणलेल्या मुलींपैकी. रमाबाईंचे स्वतःचे आईवडील आधीच्या एका दुष्काळात गेले होते, त्यांना उपास म्हणजे काय ते माहीत होतं. आजी सांगायची, आधी पेज, मग डोक्यातल्या उवा, मग प्रार्थना.

तर डबा. पहिले दोन दिवस मी कामवालीच्या हातात देऊन पळाले. तिसऱ्या दिवशी ती आलीच नव्हती, लॅच नुसतंच ओढलेलं, आतून काकूंनी हाक मारली. आठवडाभर वेणी सोडलेली नव्हती, मागे नुसता गोळा झालेला. तेल लावून एकेक बट सोडवत बसले, पाऊण तास गेला, काकू सगळा वेळ खिचडीत मीठ कमी असतं हेच सांगत होत्या, आणि मानेवर त्यांना पावडर लावताना ती एवढीशी मान बघून माझ्या पोटात कसंतरीच झालं. तोपर्यंत काही म्हणजे काही वाटलं नव्हतं.

दीड महिना डबा गेला. रिकामा परत करू नये म्हणून शेवटच्या दिवशी त्यांनी त्यात साखर घालून पाठवली. यंदाच्या कॅरोलला सेक्रेटरीचा फोन आला, खालून तक्रार आहे, जरा हळू गा.