तळेवाडीचं वटवाघूळ

“म्हणजे आमच्या डोंगरातलं वाघूळ अजून लंडनला हाय? ठेवून काय करतेत त्याचं?”

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या स्टँडवर, तळेवाडीकडच्या एका मावशींनी आज हे विचारलं. भीमगडच्या जंगलातल्या बारापेडे गुहेबद्दल बोलत होतो. तिथल्या वटवाघळांवरूनच १९१३ साली लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधले प्राणिशास्त्रज्ञ ओल्डफील्ड थॉमस यांनी एका नव्या जातीचं वर्णन लिहिलं, आणि नमुना तिथंच राहिला. भारतात वनाधिकारी राहिलेल्या राउटन यांचं नाव तिला दिलं.

उत्तर देईपर्यंत त्यांची एसटी लागली. प्रश्न मात्र डोक्यात राहिला.

करतात काय, तर जपतात. नवी जात नुसतं बघून ठरत नाही. हाताच्या हाडाची लांबी, कवटी, दात, कान सगळं मोजायचं, कपाटातल्या जुन्या नमुन्यांशेजारी ठेवून फरक दाखवायचा. मग ज्याच्यावर नाव बेतलं तो नमुना चिठ्ठीसकट कायम ठेवायचा. चिठ्ठीवर गावाचं नाव हवंच. पुढं कुणाला शंका आली तर पडताळायला तोच एक आधार.

कितीतरी वर्षं ही जात जगात फक्त आपल्या या गुहेतून माहीत होती. नंतर मेघालयात सापडली, पार कंबोडियातही. ती हीच, हे ओळखता आलं ते शंभर वर्षांपूर्वीच्या त्या नोंदींमुळं. मला हे फार मोठं वाटतं.

पण तालुक्यातल्या किती शाळांत हे सांगितलं जातं? मावशींच्या नातवंडांना लंडन नाही, निदान त्या नमुन्याचा एक फोटो वर्गाच्या भिंतीवर बघायला मिळू नये?