इंजिन क्रेन अपडेट: लोड खाली का यायलाय ते सापडलं

जालन्याच्या भंगारातून आणलेली 2 टनी इंजिन क्रेन (गाडीचं इंजिन उचलायची, हायड्रॉलिक जॅकवर चालणारी) शेवटी लोड धरायला लागली. उचलायची एकदम मस्त, पण हात काढला की बूम, म्हणजे लोड टांगायचा दांडा, हळूहळू खाली, आणि बाहेर तेलाचा एक थेंब नाही. जो तो म्हणला सील किट टाक. रॉडचं सील गेलं असतं तर बहुतेक रॉड तेलकट दिसला असता ना राव, इथं तर तेल आतल्या आतच टाकीत परत चाललं होतं.

अशा वेळी पाना घ्यायच्या आधी पंपाच्या हँडलकडं बघायचं. लोड टांगलेला असताना हँडल आपोआप वर यायलं तर डिलिव्हरीचा छर्रा (पंपातून जॅकमध्ये गेलेलं तेल परत येऊ न देणारी गोळी) लीक. हँडल मारूनही लोड चढतच नाही तर सक्शनचा छर्रा (टाकीतून पंपात तेल येतं तिथला) बघा, नाहीतर तेल कमी किंवा हवा. आणि हँडल जागच्या जागी, तरी बूम खाली, तर पहिला संशय रिलीज व्हॉल्व्हवर, म्हणजे लोड खाली सोडायच्या व्हॉल्व्हवर. आमचं हे तिसरं. सिमेंटच्या 6 गोण्या म्हणजे 300 किलो टांगून बघितलं, हँडल हललं पण नाही. अजून एक, सकाळी बरी धरायची आणि दुपारी 42 डिग्रीत भराभर उतरायची, कारण तापलं की तेल पातळ होतं आणि बारीक फटीतून जास्त निसटतं, आपल्याकडच्या मे महिन्यात तर विचारूच नका.

लोड उतरवला, जॅक पूर्ण खाली बसवला, मग रिलीज व्हॉल्व्हचा स्क्रू काढला. स्क्रूच्या मागचा छर्रा चुंबकाने ओढून घेतला. आत टॉर्च मारली तर सीटवर, म्हणजे छर्रा टेकतो त्या कडेवर, चकचकीत गोल रिंग, फक्त एका जागी आडवा ओरखडा, आणि काढलेल्या तेलाच्या तळाला लोखंडी कीस. एवढ्याशा ओरखड्यानं सगळा ताप.

सगळं डिझेलने धुतलं, कॉम्प्रेसरची हवा मारली, बेअरिंगच्या दुकानातून त्याच मापाचे दोन छर्रे आणले. एक सीटवर ठेवून वरून पितळी रॉड धरला आणि हातोडीचा एकच नेमका ठोका, म्हणजे सीटला नवीन गोल कड बसते. जोरात हाणू नका, सीट फुटली की बॉडी भंगारात. ठोका खाल्लेला छर्रा फेकायचा, दुसरा टाकायचा. मग हायड्रॉलिक तेल भरलं, रिलीज उघडा ठेवून हँडल भराभर मारलं, हवा निघाली. ब्रेक ऑइल चालतं म्हणणारे भेटतात, त्यांचं ऐकू नका, त्यानं जॅकची नायट्राइल रबराची सीलं फुगतात.

एकजण म्हणला सेफ्टी व्हॉल्व्ह पण थोडा आवळून टाक, ताकद वाढंल. अजिबात नाही! तो ओव्हरलोडला सुटण्यासाठीच असतो, आणि बूम पूर्ण बाहेर काढली की हीच 2 टनी क्रेन अर्ध्या टनाची होते हे लोक विसरतात.

त्याच गोण्या रात्रभर टांगल्या, खाली लाकडाचे ठोकळे लावूनच. सकाळी बूमच्या टोकाची खूण अंगठ्याएवढी खाली होती. तो लीक नाही, रात्री तेल गार होऊन आकसतं आणि जॅकमधलं तेवढंसं आकसणं बूमच्या टोकाला मोठं होऊन दिसतं. दुपारी ऊन तापल्यावर परत मोजलं तर अजून खाली गेलेली नव्हती, उलट जराशी वर.

आता क्रेनच्या मागच्या एका चाकाचं बेअरिंग बदलायचंय, मग जीपचं इंजिन बाहेर काढतो.